पांढरीवर गाव अन् काळीत रान: कृष्णाकाठची गावं तिथंच का बसली

आमच्या जुन्या घराच्या परड्यात संडासाचा शोषखड्डा काढायचा होता. दोन गडी लावले. दीडेक फूट खाली गेल्यावर माती पांढरट व्हायला लागली, हातात घेतली की राखेसारखी भुसभुशीत, आणि त्यात खापऱ्या, काचेच्या बांगड्यांचे तुकडे, जळकी हाडं, मग परत राख, परत खापऱ्या. आठ फूट गेलं तरी खरी जमीन काय लागंना. गडी कुदळ ठेवून तंबाखू मळत म्हणाला, "मालक, हितं खाली घरावर घरच हाय सगळं."

बरोबरच बोलला तो. आमचं गाव पलूस तालुक्यात, कृष्णेपासनं हाकेच्या अंतरावर. गाव ज्या टेकाडावर आहे ते टेकाड निम्मं देवानं केलंय आणि निम्मं आमच्या खापर-खापरपणज्यांनी. मातीच्या भिंतीचं घर पन्नास-साठ वर्षांनी ढासळायचं, मग ती माती तिथंच चोपून वरती नवं घर, चुलीतली राख परड्यात, शेण, कचरा, फुटकी मडकी सगळं तिथंच, असं शेकडो वर्षं चाललं की जमीन वर येणारच. ह्या मातीला पांढरी म्हणतात. जुन्या कागदात सुद्धा 'काळी-पांढरी' असा जोड शब्द येतो, काळी म्हणजे पिकाचं रान, पांढरी म्हणजे माणसाच्या वस्तीची जागा. सगळं गाव दोन रंगांत वाटून टाकलेलं. माझी आजी गावाला हात जोडायची तेव्हा "पांढरीच्या आई" असं म्हणायची, मला लहानपणी वाटायचं कुठली तरी देवी असंल.

तर गाव तिथंच का बसलं, दोनशे पावलं इकडं-तिकडं का नाही, हे समजून घ्यायचं असंल तर आधी खोरं बघायला लागतं.

सातारा-सांगलीचा नकाशा डोळ्यापुढं आणा. पश्चिमेला सह्याद्री आणि त्याला लागून बामणोलीचे डोंगर, पूर्वेला महादेवाचे डोंगर, आणि मधली जी लांबलचक परात आहे ती कृष्णेची. महाबळेश्वरला उगम, मग धोम, वाई, माहुलीला वेण्णा येऊन मिळते, उंब्रजला तारळी, कऱ्हाडला कोयना, ब्रह्मनाळला येरळा, सांगलीच्या पुढं हरिपूरला वारणा. कोयना पण महाबळेश्वरातनंच निघते पण ती डोंगराच्या पलीकडनं दक्षिणेला पळत येते आणि हेळवाकला एकदम पूर्वेला वळून कऱ्हाडला कृष्णेच्या समोर उभी राहते. दोन बहिणी वेगवेगळ्या वाटेनं येऊन समोरासमोर भेटल्यासारख्या, म्हणून प्रीतिसंगम. अशी जागा माणसाच्या नजरेतनं सुटणं शक्यच नव्हतं. कऱ्हाडचं जुनं नाव करहाकट, ते पार मध्य प्रदेशातल्या भरहुतच्या स्तूपावर दान देणाऱ्यांच्या गावांत कोरलेलं आहे, म्हणजे दोन हजार वर्षांहून जास्त झाली गाव हलत नाही. जवळ आगाशिवच्या डोंगरात बौद्ध लेणी त्याच सुमाराची.

हे सगळं डोंगर म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. एकदम नाही आला, थरावर थर आला. कुठलाही डोंगर लांबनं बघा, पायऱ्या पायऱ्या दिसतात, त्या ह्या थरांच्या. कडक थराची सरळ भिंत आणि दोन कडक थरांच्या मधी मऊ, भेगाळ थर, तिथं जरा सपाट जागा सुटते. पावसाचं पाणी वरनं मुरत मुरत येतं आणि ह्या मधल्या थरातनं झरा होऊन बाहेर पडतं. आता डोंगरातल्या वाड्या आणि धनगरवाडे कुठं आहेत बघा, बऱ्याचशा ह्याच पायरीवर. पाहुण्यांना वाटतं लोकं व्ह्यू बघून राहिलीत. व्ह्यू नाही ओ, झरा बघून राहिलीत.

आता पाऊस. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पडतो आणि तिथनं पूर्वेला सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत दहिवडी आहे, माण तालुक्यात, तिथं पाचशेच्या आसपास. म्हणजे एकाच जिल्ह्यात एकीकडं छत्री सुकत नाही आणि दुसरीकडं टँकर. ढग सह्याद्रीला धडकून वर चढतात, तिथंच ओझं टाकतात आणि पुढं येताना रिकामे होऊन येतात. हा फरक तुम्हाला आकडे न बघता घरांच्या छपरावरनं पण कळतो. जावळी-पाटणकडं उतरत्या कौलांची घरं, पाणी थांबायलाच नको म्हणून. पूर्वेला माण, आटपाडी, जतकडं जावा, जुनी घरं धाब्याची, वर सपाट मातीचं छप्पर, पांढऱ्या चिकट मातीचा थर चोपून बसवलेला, त्यावर रात्री झोपायचं, मिरच्या वाळत घालायच्या. आमच्याकडं मधल्या पट्ट्यात दोन्ही. माझ्या आजोळी अर्धं घर कौलाचं, अर्धं धाब्याचं होतं, असं का ते मला कुणी सांगितलं नाही, मीच पुढं पावसाचा नकाशा बघून ताडलं.

मग येते माती, आणि खरी गंमत इथं आहे. त्या लाव्ह्याचा खडक झिजून झिजून काळी माती झाली. ती डोंगरावरनं वाहत येऊन खाली नदीकडं साठली, म्हणून नदीजवळ काळी खोल, कुठं कुठं वीस-वीस फूट, आणि जसं जसं डोंगराकडं जावं तशी पातळ, मग मुरमाड, मग नुसता माळ. काळीचा गुण असा की पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, भेग अशी की लहान पोराचा पाय जाईल. पिकाला झकास, कारण पाणी धरून ठेवते. शाळू ह्या नुसत्या ओलीवर यायचा, पाऊस संपल्यावर पेरलेला. पण घराला काळी म्हणजे डोकेदुखी, पावसाळ्यात पाया उचलणार, उन्हाळ्यात खाली बसणार, भिंतीला तडा गेलाच. आजही काळीत बंगला बांधताना माती उकरून मुरूम भरावा लागतो आणि तरी दोन वर्षांत टाइल्सचा आवाज पोकळ यायला लागतो. जुन्या लोकांकडं मुरूम भरायला डंपर नव्हता. त्यांनी सरळ काळी सोडली, नदीकाठी जिथं मुरमाचा किंवा घट्ट मातीचा उंचवटा सापडला तिथं गाव टाकलं. चांगलं रान घरात घालवायचं नाही हा पण हिशोब होताच.

नदीकाठी उंचवटा कुठं सापडतो? वळणाच्या बाहेरच्या अंगाला. सपाटीला आल्यावर कृष्णा सरळ वाहत नाही, नागमोडी जाते. वळणावर पाण्याचा जोर बाहेरच्या काठावर पडतो, तिथं काठ कातरला जातो, सरळ उभी दरड तयार होते आणि खाली डोह. आतल्या काठाला पाणी संथ, तिथं गाळ बसतो, ती मळी. म्हणजे एका काठाला उंच दरड आणि समोरच्या काठाला सपाट मळी. गाव दरडीवर, कारण पूर आला तर आधी समोर पसरतो, आणि डोहामुळं उन्हाळ्यात पण पाणी. घाट बांधायला पण हीच बाजू. समोरच्या मळीत वांगी. कृष्णाकाठच्या वांग्याचं जे नाव आहे ना, ते ह्या मळीचं, पूर ओसरला की नवा गाळ, न घातलेलं खत. बायकांनी मात्र पिढ्यान् पिढ्या डोईवर घागर घेऊन ती दरड चढली, गाव उंचावर बसवण्याची किंमत त्यांनी भरली, हे कुठं लिहिलेलं नसतं.

मातीचा असाच एक भारी उपयोग हरिपूरला होता, हळदीची पेवं. पेव म्हणजे जमिनीत वीस-पंचवीस फूट खोल खणलेलं, वर तोंड अरुंद आणि खाली पोट मोठं असं कोठार. तिथली माती अशी की आत ओल शिरत नाही, हळद वर्षानुवर्षं ठेवली तरी कीड नाही. सांगलीचा हळदीचा बाजार एवढा मोठा व्हायला ह्या पेवांचा मोठा हात. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी गेलं आणि बरीचशी कामातनंच गेली, मग लोकं गोदामाकडं वळली.

नावांवरनं पण बरंच कळतं. बुद्रुक म्हणजे मोठं, फारसीतल्या बुजुर्गवरनं, आणि खुर्द म्हणजे लहान. एकाच नावाची दोन गावं झाली की थोरलं बुद्रुक, धाकटं खुर्द, जसं कऱ्हाड तालुक्यात रेठरे बुद्रुक आणि रेठरे खुर्द. कसबा म्हणजे बाजार आणि कचेरी असलेलं. वाडी म्हणजे मूळ गावातनं फुटलेली फांदी, रान लांब पडतं म्हणून चार भाऊ तिकडं जाऊन राहिले आणि त्यांच्या आडनावाची वाडी झाली. म्हणून वाडीत एकच आडनाव जास्त आणि बुद्रुकात चाळीस. काही वाड्या मात्र पार वेगळ्या. किर्लोस्करवाडी १९१० ला वसली ती पिकाऊ रानात नाही, औंध संस्थानानं दिलेल्या निवडुंगाच्या माळावर, कारण किर्लोस्करांच्या कारखान्याला काळी नको होती, रेल्वे पाहिजे होती. कुंडल रोड स्टेशन तिथं जवळ होतं. आमच्याकडची रेल्वे नदीला जरा बाजूला ठेवून डोंगराच्या अंगानं गेलीय, म्हणून स्टेशनं गावापासनं लांब, साताऱ्याचं स्टेशन लांब, कऱ्हाडचं ओगलेवाडीला. रेल्वेवाल्यांना पुराची भीती आमच्यापेक्षा जास्त असावी असा माझा अंदाज.

गावाच्या आतली मांडणी पण पाण्याच्या आणि वाऱ्याच्या हिशोबानं, आणि इथं मला जरा सरळ बोलायचंय. मधी चावडी, मारुती, पाटलाचा वाडा, भोवती आळ्या, कुंभार आळी, सुतार मेट, मग वेस. बलुतेदार वेशीच्या आत. महारवाडा आणि मांगवाडा वेशीबाहेर, बऱ्याच गावांत पूर्वेच्या अंगाला, कारण आपल्याकडं वारा बहुतेक पश्चिमेकडनं येतो, 'त्यांच्याकडनं' वारा गावावर यायला नको. पाणवठा पण नदीच्या खालच्या अंगाला. म्हणजे उंच पांढरी वरच्या जातींना आणि उतारावरची, ओढ्याकडची जागा ह्यांना. आता त्या वस्त्यांची नावं भीमनगर, साठेनगर झालीत, आरसीसी घरं झालीत, पण जागा तीच आहे, आणि पूर आला की पाणी सगळ्यात आधी तिथंच शिरतं. गावाची अक्कल किती थोर होती असं सांगताना हे गाळून चालणार नाही, ती अक्कल काहींच्याच कामाची होती.

मग एवढं सगळं जमलेलं असताना बिघडलं कुठं? पाणी हलवता यायला लागलं तिथं. सुरुवात तशी जुनी, कऱ्हाडजवळ खोडशीला बंधारा घालून काढलेला कृष्णा कालवा १८६० च्या दशकातला, इंग्रजांचा. पण तोवर मोट आणि विहीरच मुख्य. नंतर इंजिन आलं, मग विजेची मोटर, १९५० नंतर सहकारी साखर कारखाने, आणि गावोगावी उपसा सिंचनाच्या संस्था, नदीत जॅकवेल म्हणजे पाणी उपसायची विहीर, तिथनं पाइपलाइन पार माळापर्यंत. पुढं ताकारी, म्हैसाळ, टेंभू ह्या मोठ्या योजना, कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलून खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, जतच्या बाजूला न्यायचं. ज्या माळावर आमचा आजा मेंढरं वळायचा तिथं आता ऊस आणि द्राक्षं.

वस्तीचं काय झालं तर गाव विरघळलं. आधी रात्री सगळे पांढरीवर झोपायचे, रानात फक्त राखण. आता रात्री लाइट आली की मोटर चालू करायला माणूस मळ्यात पाहिजे, जनावरं मळ्यात, मग घरच मळ्यात. गावठाणातल्या घराला कुलूप, नाहीतर म्हातारा-म्हातारी. पाणंदीतनं ट्रॅक्टर जात नाही म्हणून भांडणं. आणि घर बांधलं कुठं? काळीत. ओढ्याच्या काठानं. जिथं पणज्यानं कधी खोपटं पण घातलं नसतं.

शिवाय जास्त पाण्यानं काळी बिघडली. खोल काळीतनं पाणी खाली लवकर निचरत नाही, उसाला पाटानं भरमसाट पाणी सोडलं की खालची पातळी वर येते, येताना क्षार घेऊन येते, वरचं पाणी उडून जातं आणि मीठ राहतं. रान पांढरं दिसायला लागतं. वाळवा, मिरज, पलूस ह्या भागात अशी क्षारपड झालेली रानं कितीतरी आहेत. बांधावर उभं राहिलं की चुना सांडल्यागत दिसतं, एकेकाळी एकरी उसाचे विक्रम केलेलं रान आणि आता त्यात नुसती वेडी बाभळ. काळीची अशी पांढरी व्हायला नको होती.

आता पूर. सगळे विचारतात, धरणं वर असताना सांगली बुडते कशी? उंची बघा. वाई समुद्रसपाटीपासनं साधारण ७०० मीटर, कऱ्हाड ५६०-५७०, सांगली ५५० च्या आसपास. म्हणजे उगमापासनं वाईपर्यंत नदी जिन्यावरनं उड्या मारत येते आणि कऱ्हाडच्या पुढं ओसरीवर येऊन पाय पसरून बसते. पाण्याला पुढं ढकलणारा उतारच नाही. त्यात सांगलीच्या जरा खाली हरिपूरला वारणा येऊन मिळते, आणखी खाली नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. ह्या दोघी पण त्याच सह्याद्रीतनं, त्याच पावसात भरून आलेल्या. पुढची दारं अशी भरली की कृष्णेचं पाणी मागं तुंबतं, त्याला फुगवटा म्हणायचं. खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं किती फुगवटा येतो ह्यावरनं दर पावसाळ्यात वाद होतो, समित्या झाल्या, वाद काय मिटत नाही. पण नदीपात्रातली बांधकामं, भराव टाकून उचललेले रस्ते, बुजवलेले ओढे ह्यांचं नाव कोण घेत नाही कारण त्यात आपलेच पाहुणे असतात.

सांगलीत १९२९ च्या आयर्विन पुलावर पाण्याची पातळी मोजतात, ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. २०१९ च्या ऑगस्टमधी ती ५७ फुटांच्या वर गेली. २०२१ च्या जुलैला परत ५४ च्या आसपास. आमच्याकडं तेव्हा घरात फुटाचीच भाषा, "किती झालं?" "सत्तेचाळीस." एवढंच बोलणं.

आणि एक गोष्ट बाहेरच्याला कळत नाही. पूर समोरनं येत नाही, मागनं येतो. नदी दरडीला लागून असते, दरड उंच, तिकडं बघत माणूस निवांत बसतो. पण गावाच्या मागनं जो ओढा नदीला मिळतो त्याच्यातनं पाणी उलटं आत शिरतं, मळ्यांत पसरतं आणि गावाची वाट तोडतं, मग गाव बेट होतं. २०१९ ला आमच्यात तसंच झालं. नदीकडच्या घाटाच्या अजून चार पायऱ्या उघड्या होत्या आणि मागं पलूसला जायचा रस्ता छातीएवढ्या पाण्याखाली. पांढरीवर मधल्या मारुतीच्या कट्ट्याला फक्त पाणी लागलं, त्याच्या वर नाही. मात्र पांढरीवरची मातीची जुनी घरं पाणी न शिरता नुसत्या ओलीनं खचली, आमची मागची भिंत त्यातच गेली, म्हणून तर पुढं ती शोषखड्ड्याची भानगड.

माझ्या चुलतभावानं पूर ओसरल्यावर नवं घर काढलं. मी म्हणालो गावठाणात बांध, जागा आहे आपली. तर म्हणाला बोळातनं चारचाकी येत नाही, बायको तयार नाही, आणि मळ्यातली जनावरं कोण बघणार. सगळं खरंच होतं. विजेच्या खांबावर २०१९ च्या पाण्याची रेघ ऑइलपेंटनं मारून ठेवलेली, तिथनं लेव्हल काढली तर जोतं साडेपाच फूट येत होतं. गवंडी म्हणाला एवढं उंच केलं तर गाडीचा रॅम्प रस्त्यावर जाईल. शेवटी तीन फुटांवर तडजोड झाली, फरशी चकाचक, वास्तुशांतीला मी होतो.

२०२१ च्या जुलैला आठ दिवस ती सगळी मंडळी आमच्या जुन्या घरात होती, दोन म्हशी, एक टीव्ही आणि वहिनीची दोन पोती भांडी धरून. म्हशी परड्यात बांधल्या, शोषखड्ड्याच्या झाकणाशेजारी.